दिशा नशिबाची, चाल नियमाची

सुरतच्या वराछा आणि कतारगाम भागात हिऱ्यांचा व्यवहार करणाऱ्यांपुढे आज एक प्रश्न सतत उभा असतो: हातातला खडा खाणीतला की लॅबग्रोन? नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही, भिंगालाही सहसा कळत नाही. दोन्ही कार्बनच, दोन्ही सारखेच कठीण, पैलूही सारखेच पडतात. म्हणून खडा यंत्रात ठेवतात, त्यावर लेसरचा झोत सोडतात आणि आतून परत येणाऱ्या उजेडाचा वर्णपट तपासतात. त्यात ५७५ आणि ६३७ नॅनोमीटरच्या जागी ठळक रेघा दिसल्या की लॅबग्रोनचा संशय बळावतो. खाणीतल्या काही खड्यांतही या रेघा सापडतात, त्यामुळे तपासणारा आणखी खुणा शोधतो. पण या दोन रेघांचा उगम समजून घेण्यासारखा आहे. लॅबग्रोन हिरे वाढवण्याच्या सीव्हीडी पद्धतीत बंद भांड्यात मिथेन आणि हायड्रोजन यांचा प्लाझ्मा पेटवून हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचे थर चढवतात. वाढ लवकर व्हावी म्हणून त्यात कधी किंचित नायट्रोजन सोडतात. नायट्रोजनचा एखादा अणू कार्बनच्या जागेवर बसतो आणि त्याच्या शेजारची एक जागा रिकामी राहते. भौतिकशास्त्रात या जोडीला एनव्ही केंद्र म्हणतात. ऋण विद्युतभार असलेलं असं केंद्र म्हणजे एक इवला चुंबक असतो आणि त्याला तीनच अवस्था असतात: अधिक एक, शून्य आणि उणे एक. शून्य अवस्था खाली, उरलेल्या दोन वर, आणि मधलं अंतर वारंवारतेच्या भाषेत २.८७ गिगाहर्ट्झ. तीन अवस्थांच्या या रचनेचं नाव स्पिन-१. हीच रचना रुबिडियम-८७ या अणूच्या सर्वांत खालच्या पातळीतही असते.

हिऱ्यातली ही केंद्रं मात्र एकमेकांची दखल घेत नाहीत. ती स्फटिकात जागच्या जागी खिळलेली असतात, एकमेकांपासून दूर असतात, आणि त्यांच्यातल्या क्षीण ओढीपेक्षा खोलीच्या तापमानाची धग फारच मोठी असते. त्यामुळे असंख्य केंद्रं पोटात असलेला खडाही आपण होऊन चुंबक बनत नाही. रुबिडियमचे लाखो अणू मात्र निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेले की ते सगळे मिळून एक अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा, पदार्थ होतात, आणि त्या पदार्थाभोवतीची परिस्थिती एकाएकी बदलली तर काही दशक मिलिसेकंदांत त्यात चुंबकी शिस्त उगवते. तिला दिशा कुणी दिलेली नसते. अणूंच्या या ढगाच्या कुठल्या भागात चुंबकत्व कुठे तोंड करून उभं राहील, हे कुठलाही सिद्धांत आधी सांगू शकत नाही. ती शिस्त कुठल्या गतीने पसरेल, हे मात्र सांगता येतं. आणि ती गती अणूंच्या चुंबकत्वाच्या जोरावर फारशी ठरत नाही. ती ठरते दोन गोष्टींनी: चुंबकाला कुठल्या दिशा मोकळ्या आहेत, आणि पदार्थ घर्षणाशिवाय वाहतो की नाही. गेल्या वीस वर्षांतल्या या संशोधनाचं खरं फळ हे आहे, असं माझं म्हणणं आहे. प्रयोगांतली रंगीत छायाचित्रं देखणी आहेत खरी, पण त्यांची मोहिनी बाजूला ठेवूनच हे फळ दिसतं.

आधी पदार्थाची ओळख. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइनस्टाइनना एक छोटा निबंध पाठवला. आइनस्टाइननी तो मार्ग पुढे नेला आणि भाकीत केलं, की पुरेशा थंडीत एका जातीचे असंख्य अणू एकाच क्वांटम अवस्थेत येऊन बसतील. हे प्रत्यक्षात यायला सुमारे ७० वर्षं लागली. जून १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वाइमन यांनी रुबिडियमचे अणू सुमारे १७० नॅनोकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या १७० अब्जांशापर्यंत, थंड केले आणि बोस-आइनस्टाइन संघनित पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी तो सोडियमचा केला. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. असा पदार्थ अडथळ्यावरून विशिष्ट वेगापर्यंत घर्षणाशिवाय सरकतो. ढवळला तर त्यात भोवरे पडतात आणि प्रत्येक भोवऱ्याचं अभिसरण ठरलेल्या मापाच्याच पटीत असतं. पण सुरुवातीच्या सापळ्यांत एक अडचण होती. ते चुंबकी होते, त्यामुळे अणूंचा स्पिन, म्हणजे प्रत्येक अणूतला तो इवला चुंबक, एकाच अवस्थेत बांधला जायचा आणि चुंबकत्वाला हालचालीला वावच उरत नसे. १९९८ साली एमआयटीच्या गटाने सोडियमचा ढग प्रकाशाच्या सापळ्यात ठेवला. लेसरचा झोत तिन्ही अवस्थांना सारखंच धरून ठेवतो, त्यामुळे स्पिन मोकळा झाला. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये सी. एस. उन्नीकृष्णन यांच्या गटाने २००७ साली प्रसिद्ध केलेलं काम याच वाटेवरचं आहे: प्रकाशाच्या सापळ्यातले तापलेले अणू निसटू द्यायचे, उरलेले थंड होत जातात, आणि असं करत रुबिडियम क्वांटम अवस्थेपर्यंत न्यायचं. कुलाब्याच्या टोकाला ज्या तऱ्हेचा सापळा बांधला गेला, त्याच तऱ्हेच्या सापळ्यात पुढची सगळी गोष्ट घडते.

आता अचानक बदल. लोहार लालभडक कोयत्याला पाणी पाजतो तेव्हा पोलादाला सावकाश निवायला सवड मिळत नाही. आधीची अंतर्रचना अंगावर घेऊनच ते थंड तापमानात येऊन पडतं, आणि मग त्या रचनेचं काय होतं यावर धार टिकणार की नाही हे ठरतं. अतिप्रवाही रुबिडियमच्या प्रयोगात तापमानाला हात लावत नाहीत, बदलतात ते बाहेरचं चुंबकी क्षेत्र. क्षेत्रामुळे शून्य अवस्था इतर दोन अवस्थांच्या सरासरीपेक्षा थोडी खाली जाते, आणि हे अंतर क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढतं: १ गॉसला सुमारे ७० हर्ट्झ, २ गॉसला सुमारे २८० हर्ट्झ. हिऱ्यातल्या केंद्रात हेच अंतर जवळजवळ एक कोटी पट मोठं आहे आणि ते स्फटिकाने कायमचं ठरवून टाकलेलं आहे. रुबिडियममध्ये ते प्रयोगकर्त्याच्या हातात असतं, कॉइलमधला विद्युतप्रवाह कमी केला की कमी होतं. दुसरीकडे, रुबिडियमचे दोन अणू टकरतात तेव्हा त्यांचे स्पिन एकाच दिशेला असले तर ऊर्जा जराशी कमी लागते. हा जराचा फायदा, ज्या बर्कलीच्या प्रयोगाबद्दल पुढे बोलू त्यातल्या घनतेला, सुमारे ८ हर्ट्झ इतकाच होता. क्षेत्राचा प्रभाव याच्या दुपटीहून जास्त असेल, तर सगळे अणू शून्य अवस्थेत राहतात आणि पदार्थात चुंबकत्व औषधालाही नसतं. तो दुपटीच्या खाली आला की ती अवस्था तग धरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डॅन स्टॅम्पर-कर्न यांच्या गटाने २००६ साली नेमकं हेच केलं. रुबिडियमचे सुमारे २० लाख अणू, लांबट आणि चपट्या ढगात, सगळे शून्य अवस्थेत. क्षेत्र २ गॉसवरून ५ मिलिसेकंदांत ५० मिलिगॉसवर आणलं. म्हणजे शून्य अवस्थेला धरून ठेवणारा २८० हर्ट्झचा आधार १६ हर्ट्झच्या उंबरठ्याच्या कितीतरी खाली, पाव हर्ट्झच्याही आत गेला. मग काहीही करायचं नाही, फक्त थांबायचं. सुरुवातीला छायाचित्रांत काही दिसत नाही. काही दशक मिलिसेकंद उलटल्यावर ढगात चुंबकी पट्टे उमटायला लागतात, दहाएक मायक्रॉन आकाराचे. एका पट्ट्यातला चुंबक एकीकडे तोंड करून, शेजारचा भलतीकडे. काही ठिकाणी चुंबकाची दिशा एका बिंदूभोवती पूर्ण वळसा घेते आणि मधोमध चुंबकत्व नाहीसं होतं. हे स्पिनचे भोवरे. ढगाच्या प्रत्येक भागातल्या चुंबकाची दिशा त्याच ढगावर लेसरच्या साहाय्याने मोजली गेली, त्यामुळे हा अंदाज नाही, थेट नकाशा आहे.

इथे जाणकार वाचकाला पहिली शंका येईलच. दिशा कुणी दिली नाही हे कशावरून? प्रयोगशाळेत चुंबकी क्षेत्रांचा तोटा नसतो. विजेच्या तारा, पंप, पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र; यातल्या कशाने तरी अणूंना ढुशी दिली असेल. शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर मोजमापांतच आहे. बाहेरचं क्षेत्र काही मायक्रॉनच्या अंतरात आपली दिशा उलटी करत नाही. त्याने ओढलं असतं तर सगळा ढग एकाच अंगाला कलला असता. प्रत्यक्षात एकाच ढगात दिशा जागोजागी बदलते, आणि तोच प्रयोग पुन्हा केला की नकाशा नव्याने मांडला जातो. शिवाय अणूंच्या टकरींचा नियम असा, की शून्य अवस्थेतले दोन अणू मिळून एक अधिक एकमध्ये आणि एक उणे एकमध्ये जातो. त्यामुळे क्षेत्राच्या दिशेतलं एकूण चुंबकत्व आधी शून्य होतं ते पुढेही शून्यच राहतं. जे उगवतं ते आडव्या प्रतलात, आणि तिथे सगळ्या दिशा सारख्याच किमतीच्या आहेत. तिसरी गोष्ट सगळ्यांत बोलकी. पट्ट्यांचा सुरुवातीचा आकार आणि ते उमटायला लागणारा वेळ, दोन्ही त्या ८ हर्ट्झच्या आकड्यावरून काढता येतात आणि मोजमापाशी जुळतात. बाहेरच्या ढुशीला हे गणित जमवता आलं नसतं. मग पहिलं बीज कुठून येतं? क्वांटम नियमांनुसार रिकाम्या अवस्थेतही किंचित थरथर असते, ती काढून टाकता येत नाही. अस्थिर झालेला पदार्थ ती थरथर घातांकी वेगाने फुगवतो. नशिबाचा भाग तो एवढाच, पण तो मुळापासून आहे.

दुसरी शंका याहून कठीण आहे आणि मला ती जास्त मोलाची वाटते. ८ हर्ट्झची ऊर्जा तापमानात मांडली तर ती अर्ध्या नॅनोकेल्विनपेक्षाही कमी भरते. ढगाचं तापमान मात्र काही दशक नॅनोकेल्विन होतं, म्हणजे जवळजवळ शंभरपट. लोखंडाचा तुकडा ७७० अंश सेल्सियसच्या वर तापवला की त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं, कारण उष्णतेची धग शेजारच्या अणूंच्या ओढीवर मात करते. मग शंभरपट धगीत रुबिडियमची शिस्त टिकते कशी? उत्तर अतिप्रवाहीपणात आहे. लोखंडातला प्रत्येक अणू स्वतंत्रपणे धगीला तोंड देतो. संघनित पदार्थात अणूंची फार मोठी संख्या एकाच अवस्थेत सामावलेली असते, आणि ती अवस्था वळायची तर सगळ्यांनी मिळून वळावं लागतं. ८ हर्ट्झ हा एका अणूच्या वाट्याचा हिशेब झाला. एका पट्ट्यातल्या हजारो अणूंचा एकत्रित हिशेब धगीला पुरून उरतो. म्हणजे इथलं चुंबकत्व अतिप्रवाहीपणाच्या खांद्यावर उभं आहे.

पट्टे उमटले की गोष्टीचा पहिला अंक संपतो. पहिल्या पट्ट्यांचा आकार कशावर अवलंबून असतो, हा प्रश्न मुळात आकाशाकडे पाहून विचारला गेला होता. टॉम किबल यांचा जन्म १९३२ साली मद्रासमध्ये झाला. पुढे ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये होते. १९७६ साली त्यांनी मांडलं, की नुकतंच जन्मलेलं विश्व थंड होत असताना दूरदूरच्या भागांना एकमेकांशी सल्लामसलत करायला वेळच मिळाला नसणार. प्रकाशापेक्षा जलद निरोप जात नाही, म्हणून प्रत्येक भागाने आपापली दिशा निवडली आणि जिथे निवडी जुळल्या नाहीत तिथे दोष राहून गेले. वोयचेख झुरेक यांनी १९८५ साली तीच कल्पना अतिप्रवाही हेलियमला लावून दाखवली आणि तिच्यात एक मोजता येण्याजोगी गोष्ट घातली: बदल जितका जलद, तितके पहिले पट्टे लहान आणि दोष जास्त. बदल सावकाश केला तर शेजाऱ्यांना निरोप पोचायला अवधी मिळतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या गटाने २०१६ साली रुबिडियमच्या स्पिन-१ ढगात क्षेत्र वेगवेगळ्या गतीने उतरवून बदलाची पहिली चाहूल लागायला किती वेळ लागतो हे मोजलं, आणि तो वेळ बदलाच्या गतीशी घातनियमाने, म्हणजे तिच्या एका ठरावीक घाताप्रमाणे, बांधलेला असतो असं दाखवलं. विश्वाचा जन्म पुन्हा घडवून पाहता येत नाही, तीच कल्पना टेबलावरच्या सापळ्यात हवी तितक्या वेळा ताडून पाहता येते, याचं मोल कमी नाही.

पण खरी गंमत, आणि माझ्या मुद्द्याचा गाभा, दुसऱ्या अंकात आहे. लहान पट्टे फार काळ टिकत नाहीत. दोन पट्ट्यांमधली सीमा ऊर्जा खाते. सीमेची एकूण लांबी कमी झाली की ती ऊर्जा मोकळी होते, म्हणून लहान पट्टे विरतात आणि मोठे आणखी मोठे होतात. हे मिश्रधातूंतही होतं, तेल-पाण्याच्या मिश्रणातही होतं. प्रश्न आहे गतीचा. दोन धातूंचं मिश्रण एकाएकी थंड केलं तर दोन्हींचे वेगवेगळे गोळे होऊ लागतात, आणि अणू एकेक करून, झिरपत झिरपत एका गोळ्यातून दुसऱ्या गोळ्यापर्यंत जातात. तिथे गोळ्यांचा आकार काळाच्या घनमुळाप्रमाणे वाढतो. आकार दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो. अतिप्रवाही पदार्थात झिरपण्याची गरजच नाही. सीमेचा ताण अख्ख्या पट्ट्याला ओढतो आणि पदार्थ घर्षणाशिवाय वाहत जातो. त्याला रोखते ती फक्त त्याची स्वतःची जडता. हिशेब चार ओळींचा आहे. सीमेची ऊर्जा पट्ट्याच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात. वाहण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग म्हणजे आकार भागिले काळ. दोन्ही ऊर्जा सारख्या मानल्या की आकाराचा घन काळाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. म्हणजे आकार काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो, आणि दुप्पट व्हायला तीनपटीहूनही थोडा कमी वेळ पुरतो. या हिशेबात रुबिडियमचं नावही आलेलं नाही, ८ हर्ट्झही आलेले नाहीत. ते फक्त घड्याळाचं माप ठरवतात. घातांक येतो तो प्रवाहातून.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात लुईस विल्यमसन आणि ब्लेअर ब्लेकी यांनी २०१६ साली मोठ्या संगणकी गणनांतून हे नीट मांडलं, आणि त्यात एक महत्त्वाचा फाटा दाखवला. चुंबकाला फक्त वर किंवा खाली एवढेच दोन पर्याय मोकळे असतील तर पट्ट्यांमध्ये भिंती उभ्या राहतात आणि दोन-तृतीयांशचा नियम लागू होतो. चुंबकाला आडव्या प्रतलातली कुठलीही दिशा घेता येत असेल तर भिंतींऐवजी भोवरे तयार होतात. एक भोवरा आणि त्याचा उलटा भोवरा एकमेकांना गाठून नष्ट होत जातात, आणि तिथे आकार जवळजवळ काळाच्याच प्रमाणात, फक्त एका सावकाश बदलणाऱ्या लॉगरिथमने भागून, वाढतो. अणू तोच, ढग तोच. मोकळ्या दिशा बदलल्या की चाल बदलते. दोन तऱ्हेचे पदार्थ एकमेकांपासून वेगळे कसे होतात, हा प्रश्न आपल्याकडे अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत दिलीप अंगोम आणि संदीप गौतम यांनी २०१० च्या सुमारास हाताळला होता. दोन संघनित पदार्थ एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी राहतात तेव्हा त्यांच्यातल्या सीमेचं काय होतं, ती कधी डळमळीत होते, हे त्यांनी गणिताने काढलं. सीमेच्या ताणाचं ते गणित इथल्या भिंतींच्या गणिताचंच भावंड आहे.

संगणकावर जमलं म्हणून निसर्गात जमलंच असं नाही, आणि त्या गणनांत काही सुलभीकरणं होती, हा आक्षेप घेता येतो. २०१८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने लांबट, जवळजवळ एकरेषीय सापळ्यात रुबिडियमला धक्का देऊन ४ सेकंदांपासून ९ सेकंदांपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली. अणूंच्या जगात हा काळ फार मोठा आहे. त्यांना दिसलं, की नकाशांचं मोजमाप काळानुसार योग्य तितकं ताणलं वा आखडलं की वेगवेगळ्या क्षणांचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात, आणि लांबीचं माप साधारण काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. सुरुवात वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिली तरी घातांक तोच राहिला. पदार्थ आपली सुरुवात विसरतो आणि चाल मात्र धरून ठेवतो, याचा एवढा स्वच्छ पुरावा त्याआधी क्वचितच मिळाला होता. पुढे दक्षिण कोरियातल्या काइस्ट संस्थेच्या गटाने लिथियम-७ घेतलं. त्यातली स्पिनची ओढ रुबिडियमपेक्षा बरीच जोरकस असते, त्यामुळे ढग विरायच्या आत पट्ट्यांना वाढायला जास्त वाव मिळतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात चपट्या, द्विमितीय ढगात दोन वेगळ्या चाली वेगळ्या ओळखता आल्या: एक दोन द्रवांच्या मिश्रणासारखी, दुसरी झिरपणाऱ्या द्रवासारखी. कुठली चाल मिळणार हे चुंबकाच्या मोकळ्या दिशांवर आणि भिंती होतात की भोवरे, यावर ठरलं. भाकीत आणि निरीक्षण इथे एकमेकांना भेटतात.

यावर एक अभ्यासू आक्षेप असा येतो: दोन-तृतीयांशचा नियम तर साध्या द्रवांच्या मिश्रणालाही सांगितला जातो, मग यात क्वांटम ते काय? साध्या द्रवात चिकटपणा असतो. तिथे बराच काळ चिकटपणाचीच सत्ता चालते, आकार काळाच्या सरळ प्रमाणात वाढतो, आणि जडतेचा दोन-तृतीयांश नियम लागू व्हायला गोळे फार मोठे व्हावे लागतात. ती वेळ येईपर्यंत गुरुत्वाकर्षण मध्ये पडतं आणि जड द्रव तळाशी जातो. अतिप्रवाही पदार्थात चिकटपणाचा तो मधला टप्पाच नाही, म्हणून जो नियम इतरत्र पकडायला अवघड तो इथे लवकर समोर येतो. आणि क्वांटमची सही आणखी एका जागी आहे. चुंबकी अतिप्रवाही पदार्थात चुंबकाची दिशा जागोजागी वळत गेली की त्या वळणातूनच पदार्थाचा प्रवाह निर्माण होतो. डेव्हिड मर्मिन आणि टिन-लुन हो यांनी १९७६ साली अतिप्रवाही हेलियम-३ साठी हा संबंध मांडला होता. लोखंडात चुंबकाची दिशा बदलल्याने लोखंड वाहायला लागत नाही. इथे चुंबकत्व प्रवाहाला वळवतं, प्रवाह चुंबकत्वाला वाहून नेतो, आणि दोघांची गाठ सोडवता येत नाही. सीमा आखडल्यावर मोकळी झालेली ऊर्जाही बाहेर कुठे जात नाही. ढग सगळ्या जगापासून तोडलेला असतो. ती ऊर्जा बारीक लहरींच्या रूपात त्याच ढगात उतरते. मोठ्या मापावर शिस्त वाढत जाते, बारीक मापावर खळबळ वाढत जाते, आणि दोन्ही एकाच हिशेबवहीतल्या जमा-खर्चाच्या बाजू असतात.

या पुराव्याची मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. घातनियम खात्रीने सांगायचा तर मोजमाप दहापट, शंभरपट पल्ल्यावर हवं. ढग काही शे मायक्रॉन लांब आणि पट्टे सुरुवातीलाच दहाएक मायक्रॉनचे, त्यामुळे वाढायला फार जागा नसते. शिवाय सापळ्यातले अणू हळूहळू निसटत असतात. एवढ्या आखूड पल्ल्यात अर्धा घातांक आणि दोन-तृतीयांश घातांक यांतला फरक सांगणं नाजूक काम आहे. पण वेगवेगळ्या अणूंवर, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या आकाराच्या सापळ्यांत आलेले निकाल एकाच वर्गीकरणात बसतात, ही गोष्ट एकेका आलेखाच्या लांबीपेक्षा जास्त वजनाची आहे. एकच साक्षीदार लांबलचक बोलण्यापेक्षा एकमेकांना न भेटलेले अनेक साक्षीदार थोडकं पण जुळतं बोलले, तर मी दुसऱ्या साक्षीवर विश्वास ठेवीन.

उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर किंवा कतारगामच्या हिरे कारखान्यात राबणाऱ्या माणसाला याचं काय, हाही प्रश्न टाळू नये. उद्या यातून एखादं यंत्र बाजारात येईल असं आश्वासन मी देणार नाही. संबंध मात्र खरा आहे. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, आणि त्यातल्या संवेदन व मापनाच्या कामाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. अतिसूक्ष्म चुंबकी क्षेत्र मोजण्यासाठी जगभर दोन गोष्टी वापरून पाहिल्या जातात: हिऱ्यातली एनव्ही केंद्रं आणि अतिथंड अणूंचे ढग. स्टॅम्पर-कर्न यांच्या गटाने २००७ साली स्पिन मोकळा असलेल्या संघनित पदार्थाचाच चुंबकी क्षेत्रमापक करून दाखवला. अशा मापकात स्पिन आपण होऊन पट्टे पाडायला लागला तर मोजमापावर परिणाम होतो. पट्टे कधी पडतात आणि किती वेगाने वाढतात, हे माहीत असल्याशिवाय त्या मापकावर भरवसा ठेवता येत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल आणि एम. एस. संतानम यांनी २०१७ साली अतिथंड अणूंना लेसरच्या टिचक्या देऊन त्यांची क्वांटम सुसंगती कशी ढासळते हे मोजलं. तो प्रश्न वेगळा असला, तरी साधनं तीच लागतात: सापळा, लेसर, व्हॅक्यूम, आणि मिलिसेकंदाच्या आत क्षेत्र बदलणारी इलेक्ट्रॉनिक्स.

पुढचं काम कुठल्या दिशेने हवं, हेही या मर्यादांवरूनच कळतं. आजचे बहुतेक सापळे वाडग्यासारखे असतात. मधोमध अणू दाट, कडेला विरळ, त्यामुळे ८ हर्ट्झचा तो आकडा ढगात जागोजागी वेगळा असतो आणि घड्याळं एकाच ठोक्याला चालत नाहीत. सपाट तळाच्या, पेटीसारख्या प्रकाश-सापळ्यात घनता सगळीकडे सारखी राहते, आणि असे सापळे आता बांधता येतात. भोवऱ्यांच्या चालीतली लॉगरिथमची बारीक खूण पकडायची, तर तसा सपाट ढग पट्ट्यांच्या पहिल्या आकाराच्या किमान शंभरपट रुंद हवा, आणि प्रत्येक क्षणासाठी तोच प्रयोग शेकडो वेळा करून सरासरी काढायला हवी, कारण एकेका नकाशातली दिशा यादृच्छिकच राहणार.